अष्टकोनराव

"काय, तुमची एमजी परत आली म्हणे!" असं अष्टकोनरावांना अभिनंदनाच्या सुरात कधीही म्हणू नका. मी एकदा म्हटलं होतं. २०२३च्या जुलैतली गोष्ट. गुडवुडच्या मोटारींच्या जत्रेत एमजीने नवी दोन सीटची उघडी स्पोर्ट्स कार दाखवली होती. सायबरस्टर तिचं नाव. पेपरात फोटो बघितला आणि शेजारधर्म म्हणून मी कुंपणावरूनच आनंद व्यक्त केला. त्यांनी हातातल्या फडक्याची नीट चौघडी केली, ती बॉनेटवर ठेवली आणि म्हणाले, "परत? गेली कुठे होती ती? ही काय इथे उभी आहे." मग एक मोठा श्वास घेऊन, "आणि गेली ती १९८०च्या ऑक्टोबरात. गेलेलं माणूस परत येत नसतं."

गाडी दारात उभी आहे आणि गाडी केव्हाच गेली आहे, ही दोन्ही सत्यं एका दमात सांगायला अद्वैताची फार वरची पायरी गाठावी लागते. अष्टकोनराव ती गाठून आहेत.

हे अर्थात त्यांचं खरं नाव नव्हे. एमजीचा बिल्ला अष्टकोनी, आणि यांच्या टायवर, कफलिंकवर, चहाच्या मगावर, किल्लीच्या कडीवर, लोकरी टोपीवर तोच अष्टकोन. एका वाढदिवसाला त्यांच्या बायकोने, म्हणजे बाईंनी, हौसेने त्या बिल्ल्याचं पायपुसणं आणलं. आता त्याच्यावर पाय कोण देणार? ते दिवाणखान्याच्या भिंतीवर, त्यांच्या वडिलांच्या फोटोशेजारी टांगलेलं आहे. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणाऱ्या घरातला मी. मला यात वावगं काही दिसलं नाही.

आम्ही राहतो ते ॲबिंग्डन, ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सकाठी. एमजीवाल्यांची ही पंढरी. एमजी म्हणजे मॉरिस गॅरेजेस. ऑक्सफर्डच्या विल्यम मॉरिसचं गाड्या विकायचं आणि दुरुस्त करायचं दुकान. तिथला मॅनेजर सेसिल किंबर. त्याने मॉरिसच्या साध्यासुध्या गाडीला नटवून-थटवून पळायला लावलं आणि १९२९मध्ये कारखाना ॲबिंग्डनला आणला. पुढे मालकांनी त्याला काढून टाकलं, आणि १९४५मध्ये लंडनच्या किंग्ज क्रॉसला तो गेला तो रेल्वेच्या अपघातात. ही हकीकत सांगताना अष्टकोनराव "रेल्वेच्या" या शब्दावर दर वेळी थांबतात. गाडी स्वतः चालवत असता तर वाचला असता, असं त्यांना मनातून वाटत असावं.

कारखान्याला ५० वर्षं झाली म्हणून १९७९मध्ये गावात मोठा सोहळा झाला. इथल्या मोरलँडच्या भट्टीने त्यानिमित्त खास बिअर काढली. कारखान्यात इकडून तिकडे फिरवली जाणारी, रंगाचे शिंतोडे उडून ठिपक्याठिपक्यांची झालेली एक जुनी गाडी होती, तिच्यावरून बिअरचं नाव ठेवलं ओल्ड स्पेकल्ड हेन. सोहळ्याचे मांडव उतरतात न उतरतात तोच कारखाना बंद करायची घोषणा झाली. वर्षभराने शेवटची एमजीबी बाहेर पडली. कारखाना गेला, बिअर राहिली. आजही मिळते. अष्टकोनराव ती दुःख म्हणून पितात आणि दुःख त्यांना आठवड्यातून तीनदा होतं.

एमजी कार क्लबचं मुख्यालयही गावातच आहे. रस्त्याचं नाव सेमेटरी रोड, म्हणजे स्मशान मार्गच म्हणा. हे मी ठरवून लिहिलेलं नाही. पत्ताच तसा आहे.

तर अशा माणसांची इंग्लंडात एक जात आहे. साठी ओलांडलेली, गुडघा दुखतो तरी गाडीखाली सरपटत जाणारी, नखांत काळं ग्रीस आणि बोलण्यात "मूळ फॅक्टरी फिनिश". जात म्हटली की पोटजाती आल्या. १९७४च्या अखेरीस अमेरिकेच्या सुरक्षा नियमांपायी एमजीबीचे चकचकीत क्रोमचे बंपर जाऊन काळे रबरी आले आणि गाडीची उंचीही वाढली. तेव्हापासून क्रोमवाले आणि रबरवाले यांच्यात रोटीव्यवहार आहे, बेटीव्यवहार नाही. कंपनीचं जन्मसाल १९२३ की १९२४ यावरही दोन पंथ. एकांनी शताब्दी आधी उरकली, दुसऱ्यांनी वर्षभर थांबून केली. अष्टकोनराव दोन्हीकडे जेवून आले. जयंती तिथीने की तारखेने हा वाद पाहत वाढलेल्या मला तिथे अगदी घरच्यासारखं वाटलं.

पण पुनरुज्जीवन म्हटलं की सगळ्या पोटजाती एक होतात. ॲबिंग्डन बंद झाल्यावर एमजी किती वेळा परत आली याचा हिशोब अष्टकोनरावांना तोंडपाठ आहे. १९८२मध्ये मेट्रो नावाच्या बाजारहाटाच्या गाडीला अष्टकोन डकवला. पुढच्या वर्षी मेस्ट्रो आली, ती तर बाईच्या आवाजात बोलायची. १९९२ची आरव्हीएट म्हणजे जुन्या एमजीबीच्याच अंगात आठ सिलिंडरचं इंजिन. त्यातल्या बहुतेक गाड्या जपानला गेल्या. १९९५ची एमजीएफ, तिचं इंजिन पाठीमागे. २००५च्या एप्रिलमध्ये एमजी बनवणारी लाँगब्रिजची कंपनी बुडाली, चीनच्या नानजिंगने ती घेतली आणि नानजिंगची मोटारगाड्यांची कंपनी पुढे शांघायच्या सैकने पोटात घातली. प्रत्येक वेळी अष्टकोनराव म्हणाले, "ही एमजी नव्हे." आणि प्रत्येक वेळी तेच झालं. पहिली वीस वर्षं शिव्या, पुढची पाच वर्षं मौन आणि मग क्लबच्या मेळाव्यात त्या गाडीला वेगळी रांग. "एफला पाठीमागे इंजिन? घोडा गाडीच्या मागे बांधायचा का?" असं म्हणणारे हेच गृहस्थ परवा एका पोराला समजावत होते, "एफ जपून ठेव बाबा, आता मिळत नाहीत."

त्यांची स्वतःची गाडी १९६७ची एमजीबी, हिरवी. बॉडी जुनी नाही. शेजारच्या विटनी गावात जुन्याच साच्यांवर एमजीबीच्या नव्याकोऱ्या बॉडी दाबून मिळतात. यांनी त्यातली एक घेतली. इंजिन दोनदा उघडून नवं केलेलं. गिअरबॉक्स दुसऱ्या गाडीचा. तारांची चाकं नवी, चामडं नवं, हूड नवं. मी भाबडेपणाने विचारलं, "मग मूळ गाडीतलं राहिलं काय?"

बराच विचार करून म्हणाले, "कागदपत्रं."

"आणि बिल्ला?"

"तो १९९६मध्ये बदलला."

सायबरस्टरवर त्यांचा मुख्य आक्षेप असा, की तिच्यात जुन्या एमजीचं काही नाही, नुसता बिल्ला आहे.

याहून अवघड प्रकरण त्यांच्या घराच्या डाव्या अंगाला उभं असतं. बाईंची गाडी. पांढरी, इलेक्ट्रिक, चार दरवाजांची. आणि एमजी. बाई शाळेत गणित शिकवायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी वही घेतली, किंमत, वीज, सात वर्षांची वॉरंटी असे रकाने आखले, बेरीज केली आणि गाडी आणली. "बिल्ल्याचा रकाना नव्हता," असं त्या मला गालातल्या गालात हसत म्हणाल्या. अष्टकोनराव त्या गाडीला नावाने हाक मारत नाहीत, जसं आपल्याकडे जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नसत. "ती पांढरी" म्हणतात. तिच्या नाकावर हाताच्या पंजाएवढा अष्टकोन आहे. आधी त्यांनी ती नाक भिंतीकडे करून लावून पाहिली, पण मागेही बिल्ला आहे. शेवटी जिरेनियमची एक मोठी कुंडी आणून मागे ठेवली. पाऊस असला की दोघं पांढरीतूनच बाजाराला जातात. इंग्लंडात पाऊस किती असतो हे मी सांगायला नको.

या लोकांत एक सुंदर रीत आहे. रस्त्यात समोरून एमजी आली की स्टिअरिंगवरून चार बोटं उचलायची. मोठा सलाम नाही, हसू नाही, नुसती चार बोटं. एसटीचे ड्रायव्हर समोरच्या एसटीला करतात तसंच. ही बोटं नव्या एमजीसाठी उचलत नाहीत. बाई समोरून आल्या तरी नाहीत. "तत्त्वाचा प्रश्न आहे," अष्टकोनराव म्हणतात. बाई म्हणतात, "चाळीस वर्षांच्या संसारानंतर एवढं चालायचंच."

माझी आणि त्यांची खरी सोयरीक जुळली ती एका रविवारी, बॉनेट उघडं असताना. कार्बोरेटरच्या डोक्यावरची पितळी टोपी काढून ते आत थेंबथेंब तेल घालत होते. गरम तेल, पेट्रोल आणि जुनं रबर असा वास आला आणि मी एकदम मिरजेच्या काकांच्या अंगणात जाऊन पडलो. म्हटलं, "हे इंजिन मी पाहिलंय. आमच्या काकांच्या ॲम्बॅसेडरमध्ये."

त्यांचा हात हवेतच थांबला. आपल्या आजीला कोणीतरी परगावच्या बाजारात भाजी घेताना पाहिलं म्हणावं, तसा चेहरा झाला. मग हिशोब लागला. ॲम्बॅसेडर म्हणजे मुळातली मॉरिस ऑक्सफर्ड. तिच्या पेट्रोल इंजिनाचं कूळ बी-सिरीज, आणि एमजीबीचंही तेच. तिचं १७९८ सीसी, काकांचं १४८९. "१४८९!" ते जवळजवळ ओरडले, "म्हणजे एमजीएचं! तुमचे काका एमजीएचं इंजिन चालवत होते!" काका त्या इंजिनावर नऊ माणसं, दोन सुटकेसा आणि हापूसची पेटी घालून गणपतीपुळ्याला जात, हे मी सांगितल्यावर त्यांनी टोपी काढली. डोकं खाजवायला काढली की आदराने, ते कळलं नाही. त्या दिवसापासून मला शेजाऱ्याचा नातेवाईक करण्यात आलं. "काकांकडे सुटे भाग पडून असतील का हो?" हेही त्यांनी हळूच विचारून घेतलं.

पुढच्याच उन्हाळ्यात एका मेळाव्याला ते मला घेऊन गेले. पबमागचं कुरण, शंभरेक जुन्या एमजी, घडीच्या खुर्च्या, थर्मास. आणि कडेला कोणीतरी आणलेली एक लाल सायबरस्टर. लग्नघरात आंतरजातीय सून आली की होतं तसं झालं. कोणी बोलेना, पण प्रत्येक जण काही ना काही निमित्ताने तिथून जाऊन येत होता. मालकाने बटण दाबलं, दारं कात्रीसारखी वर गेली. "पावसात सीट भिजणार," एक जण म्हणाला. त्याच्या स्वतःच्या गाडीत मी प्लास्टिकची पिशवी अंथरून बसलो होतो. वजन दोन टनांच्या घरात, म्हणजे एमजीबीच्या जवळपास दुप्पट, असं दुसऱ्याने सांगितलं. ताशी शंभर किलोमीटरला सव्वातीन सेकंद, असं मालकाने. अष्टकोनराव म्हणाले, "एवढी घाई कशाला? मला बारा लागतात. त्यात आजूबाजूचं दिसतं."

चहाच्या वेळी ते दिसेनात. शोधलं तर लाल गाडीत बसलेले. एकटे. दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोरच्या कुंपणावर. मला बघून म्हणाले, "गुडघ्याला बरं आहे." आणि घाईघाईने, "बाकी काही नाही."

गेल्या मेमध्ये पुण्याहून माझा मेव्हणा आला. त्याच्याकडे हेक्टर. भारतात एमजी २०१९मध्ये आली ती याच गाडीपासून, गुजरातेत हालोलला बनते. त्याच्या लेखी एमजी म्हणजे मोठी स्क्रीन, वर काचेचं छत आणि "हॅलो एमजी" म्हटलं की उत्तर देणारी गाडी. कुंपणापलीकडे हिरवी गाडी बघून तो म्हणाला, "दाजी, ही पण एमजी? केवढीशी आहे! पिल्लू आहे का?" मी काही बोलायच्या आत पठ्ठ्या त्यांच्या अंगणात जाऊन वाकला आणि बॉनेटला म्हणाला, "हॅलो एमजी!"

अष्टकोनराव गॅरेजमधून बाहेर आले. हा काय प्रकार, असं त्यांनी मला भुवयांनी विचारलं. मी घाबरत घाबरत सांगितलं, की याचीही एमजी आहे आणि ती हिंदीमिश्रित इंग्रजीत बोलते. ते गप्प राहिले. मनातल्या मनात मेस्ट्रोपर्यंत जाऊन आले असावेत. मग दार उघडून आत बसले आणि किल्ली अर्धीच फिरवली. गाडीच्या मागच्या भागातून पेट्रोल-पंप बोलू लागला. टक, टक, टक, टक, हळूहळू मंद होत, थांबला.

"काय म्हणाली?" मेव्हण्याने विचारलं.

"बसा म्हणाली," मी सांगितलं.

दोनच सीट, त्यामुळे मी फाटकाशी राहिलो. चोक ओढला, गाडी खाकरली, निघाली. मेव्हणा मोबाइल उंच धरून व्हिडिओ काढत होता. ते दोघं कोपऱ्यावर पोचतात तोच समोरून बाई बाजार करून आल्या, पांढरी घेऊन. हेक्टरवाल्याने ओळखीचा अष्टकोन बघताच दोन्ही हात वर करून आरोळी ठोकली. आणि मी स्पष्ट पाहिलं, स्टिअरिंगवरून चार बोटं उचलली गेली. बाईंनी दिवे मिचकावले.

संध्याकाळी कुंपणाशी मी विषय काढलाच. अष्टकोनराव फडक्याची चौघडी घालत म्हणाले, "बायकोला हात केला. गाडीला नाही."