विवाहित विद्यार्थिनीसाठी पुणे : वापरण्याची पद्धत

पुण्यात विद्यार्थ्याला मान आहे आणि संसारी माणसाला पत आहे. एकाच वेळी दोन्ही असलेल्या बाईला काय आहे, याचा खुलासा इथल्या एकाही पाटीवर सापडत नाही. म्हणून हे मार्गदर्शन. लेखिकेची पात्रता पुढीलप्रमाणे : लग्न झालेले, राज्यसेवेचा अभ्यास चालू, मुक्काम सदाशिव पेठ, नवरा चाकणच्या कारखान्यात पाळीने कामाला, सासर बार्शी, माहेर कऱ्हाड. शंका दुपारी एक ते चार सोडून विचाराव्यात.

मूळ तत्त्व एकच. कोणत्या खिडकीवर ‘विवाहित’ म्हणायचे आणि कोणत्या खिडकीवर ‘विद्यार्थिनी’, हे आधी ठरवावे आणि मगच तोंड उघडावे. दोन्ही एकदम सांगितले की समोरचा माणूस चष्मा काढून पुसायला लागतो.

खोली शोधण्यापासून सुरुवात करू. पेठांमध्ये जागा दोन प्रकारची मिळते : ‘कॉट बेसिस’ आणि ‘फॅमिली’. कॉट बेसिसमध्ये भाडे खोलीचे नसून पलंगाचे असते आणि त्या पलंगाच्या हिशेबात नवऱ्याची तरतूद नसते. तेव्हा आपण फॅमिली. मालकीणबाईंसमोर जाताना मंगळसूत्र ओढणीच्या वर असावे आणि पुस्तकांची पिशवी जिन्यातच ठेवावी. “मिस्टर कंपनीत आहेत” हे पहिले वाक्य. अभ्यासाचा विषय भाडेकरारावर सह्या झाल्यावरच काढावा. तो निघाला की रात्री दिवा किती वाजेपर्यंत जळणार, ही चौकशी होते. त्यानंतर चहाच्या एकाच कपाबरोबर दोन प्रश्न येतात. लग्न झालंय, तर अभ्यास कशाला? आणि अभ्यासच करायचा होता, तर लग्न कशाला केलंत?

अशा वेळी टिळकांना मध्ये घ्यावे. पेठेत हा उपाय सहसा वाया जात नाही. टिळकांचे लग्न झाले 1871 मध्ये, ते मॅट्रिक झाले 1872 मध्ये आणि डेक्कन कॉलेजातून बी.ए. झाले 1877 मध्ये. म्हणजे पुण्याचा सर्वांत नामांकित विद्यार्थी कॉलेजची पायरी चढला तो नवरा म्हणूनच. त्या काळी कॉलेजच्या बाकांवर जागोजागी कुणाचे ना कुणाचे जावईच बसलेले असत, आणि “आता कसला अभ्यास?” असे त्यांना कुणी विचारत नसे. विचारले ते बायकांना. रमाबाई रानडे 1873 मध्ये लग्न होऊन आल्या. पती माधवरावांनी त्यांना शिकवायला घेतले तेव्हा घरातल्या बायकांनी काय काय ऐकवले, ते त्यांनी आपल्या आठवणींत लिहूनच ठेवले आहे. (ते वाचल्यापासून मला आमच्या मालकीणबाई एकदम मवाळ वाटू लागल्या आहेत.) आनंदीबाई जोशी 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या, त्याही नऊ वर्षांच्या असताना झालेल्या लग्नानंतर. ही तिन्ही नावे एका दमात घ्यावीत. भाडे कमी होत नाही, पण चहा दुसऱ्यांदा विचारला जातो.

आता अभ्यासिका. घर असताना अभ्यासिका कशाला, हा प्रश्न ज्यांच्या घरी तिसरी पाळी नाही तेच विचारतात. रात्रभर काम करून आलेला माणूस सकाळी झोपतो. एका खोलीच्या घरात तो झोपला की कुकरलाही शिट्टी मारायची परवानगी नसते. तेव्हा आपली पुस्तके उचलून अभ्यासिकेत जावे आणि तिथे आपल्या खुर्चीवर स्वतःची उशी ठेवावी. उशी ठेवलेली खुर्ची म्हणजे नोंदणीकृत मालमत्ता. चार्जिंगचा पॉइंट मिळाला तर तो कोणाला सांगू नये. तिथे आपण फक्त विद्यार्थिनी असतो. बाजूची मुले आपल्याला ताई म्हणतात, आपण त्यांना अरे-तुरे करतो, आणि ‘जाहिरात कधी निघणार’ या विषयावर सर्वजण टपरीवर उभे राहून तेच ते बोलतो.

हे सगळे शनिवारपर्यंत. पुण्यातल्या बहुतेक मेस रविवारी सकाळी फीस्ट देतात आणि रात्री बंद ठेवतात. रविवारी साडेसातच्या सुमारास पोरांना आठवते की ताईकडे गॅस आहे. मग दार वाजते आणि दारात उभी असलेली तीच मुले म्हणतात, “वहिनी, सहज आलो होतो.” आठवड्यातले सहा दिवस ताई आणि सातव्या दिवशी वहिनी, हा बढतीचा प्रकार कोणत्याही सेवानियमात बसत नाही. तरीही मुगाची खिचडी टाकावी. पापड दोनच भाजावेत, म्हणजे पुढच्या रविवारी येताना ते आपला पापड आपण आणतात. मोबदला रोखीने घेऊ नये. चालू घडामोडींच्या नोट्सची झेरॉक्स मागावी, आणि ती स्पायरल बाइंडिंगसकट मागावी. नवरा अशा वेळी फार उपयोगी पडतो. तो पोरांना चाकणच्या पगाराचे आकडे सांगतो आणि निम्मी पोरे ताट अर्धवट टाकून अभ्यासाला पळतात.

सासरच्या फोनबाबत विशेष खबरदारी. राज्यव्यवस्थेचे पुस्तक आपण सर्वजण लेखकाच्या नावाने ओळखतो, पण बार्शीत ते तसे ओळखत नाहीत. एकदा मी मैत्रिणीला दुसऱ्या फोनवर सांगत होते, “काल रात्री दोनपर्यंत लक्ष्मीकांतबरोबर होते, आज सवदींना वेळ देणार आहे.” पहिल्या फोनवर सासूबाई होत्या. पलीकडे जी शांतता पसरली ती मोजायला तलाठी लागला असता. तेव्हा पुस्तकांना विषयाच्या नावाने हाक मारावी. लक्ष्मीकांत म्हणजे राज्यव्यवस्था, सवदी म्हणजे भूगोल. भूगोलाबरोबर रात्री दोनपर्यंत बसले तर कुणाची हरकत नसते.

नवऱ्याशी बोलताना परीक्षेचा नवा नमुना ध्यानात ठेवावा. राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाली. त्यासाठी आणखी थोडा वेळ द्या म्हणून 2023 मध्ये पुण्यात पोरे रस्त्यावर बसली होती, हे आठवत असेल. घरात मात्र वर्णनात्मक पद्धत लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून लागू असते आणि मुदतवाढ मिळत नाही. “काय झालं?” या प्रश्नाला “काही नाही” हे वस्तुनिष्ठ उत्तर दिले की गुण मिळत नाहीत, प्रस्तावना, कारणे आणि उपाययोजना द्याव्या लागतात. आणखी एक फरक. पूर्व परीक्षेच्या दुसऱ्या पेपरात निर्णयक्षमतेचे जे प्रश्न असतात, त्यांचे उत्तर चुकले तरी गुण कापत नाहीत. “दिवाळीला आधी बार्शी की आधी कऱ्हाड?” हा निर्णयक्षमतेचाच प्रश्न आहे, पण इथे चारही पर्यायांना गुण कापले जातात.

गणपतीचे दहा दिवस वेगळे प्रकरण म्हणून हाताळावेत. नदीकाठी ढोल-ताशाचा सराव सुरू झाला की ओळखावे, फोन येणार. “तुम्ही पेठेतच राहता म्हणजे आम्हाला कित्ती सोयीचं!” सोय म्हणजे चटई, पांघरूण, सकाळचे पोहे आणि कसबा, तांबडी जोगेश्वरी, गुरुजी तालीम, तुळशीबाग, केसरीवाडा या क्रमाने मानाचे पाचही गणपती दाखवून आणणे. पाहुण्यांसमोर पुस्तक हातात धरू नये, त्यांना वाटते आपण त्यांना घालवतोय. पुस्तक स्वयंपाकघरात, डब्यामागे ठेवावे. विसर्जनाची मिरवणूक चोवीस तास उलटले तरी संपत नाही. पाहुण्यांना मिरवणूक बघायला अलका चौकात नेऊन उभे करावे, पाण्याची बाटली द्यावी आणि “मी येतेच” म्हणून घरी यावे. ती अख्खी रात्र खोली रिकामी मिळते. गतवर्षी त्या रात्री माझा भारतीय अर्थव्यवस्थेचा निम्मा भाग झाला. पार्श्वभूमीला ढोल होते, पण चलनवाढ समजायला तेवढा आवाज लागतोच.

कधीमधी नवऱ्याबरोबर फिरायलाही जावे. झेड ब्रिज हा डेक्कन आणि नारायण पेठ यांच्यामधला पूल चारचाकींना बंद आहे, त्यामुळे तिथे संध्याकाळी कठड्याला दुचाक्या टेकवून जोडपी उभी असतात. लग्न झालेल्यांनी तिथे जाताना मंगळसूत्र आत ठेवावे. बाहेर दिसले की बाजूची जोडपी आपल्याकडे, दहावीच्या वर्गात शिरलेल्या पालकांकडे बघतात तशी बघतात. आणि बोलावे हळू आवाजात, कारण बाकीचे सगळे स्वप्नांविषयी बोलत असतात आणि आपण गॅस सिलिंडरविषयी.

शेवटी अर्ज भरण्याविषयी, कारण तिथे खरी कसोटी आहे. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेत दोन्हींचे काहीतरी मिश्रण. आधी राजपत्रात नावातला बदल छापून घ्यावा. इथे नवऱ्याची सही लागत नाही, संयम लागतो. जातीचा दाखला मात्र माहेरचाच चालतो. त्या कागदापुरती आपली पाठवणी झालेलीच नाही, हे वडिलांना सांगितले की त्यांना बरे वाटते.

नेमणुकीच्या वेळी लहान कुटुंबाचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. 2005 च्या नियमांनुसार दोनपेक्षा जास्त अपत्ये असू नयेत, असे सरकारला वाटते. बार्शीला वाटते की निदान एक तरी असावे, आणि ते पुढच्या अधिक महिन्याच्या आत. दोन्ही यंत्रणांचा पत्रव्यवहार एकमेकींकडे जाऊ देऊ नये. नमुना मी आत्ताच डाउनलोड करून भरून ठेवला आहे, सराव म्हणून. अपत्यांची संख्या या रकान्यात स्वच्छ अक्षरात शून्य लिहावे, झेरॉक्स काढावी आणि सासूबाई येणार असतील त्या आठवड्यात फाइल अभ्यासिकेत, उशीखाली ठेवावी.