उद्यापन

आमच्या ग्रुपात नावं फारशी चालत नाहीत. लेडीज डब्यात बाई जिथून चढते तेच तिचं नाव. मी विरार. मग नालासोपारा, वसई, नायगाव आणि कोपर मारत आत घुसणारी भाईंदर. "वसईला रात्रभर झोप नाही" किंवा "नायगाव नवऱ्याशी बोलत नाहीये" ही वाक्यं बाहेरच्या माणसाला हवामानाची वा राजकारणाची बातमी वाटतील. आम्हांला ती घरची खबर असते. एकमेकींच्या सासवा आम्ही कधी पाहिल्या नाहीत, पण समोर आल्या तर आवाजावरून ओळखू. मेथी निवडणं, दसऱ्याला डब्याला झेंडूची तोरणं बांधणं, मुलांच्या दहावी-बारावी, सगळं याच चर्चगेट फास्टमध्ये झालं. आता आम्हां सगळ्यांचीच पाळी जायला निघाली आहे. निघाली आहे म्हणजे गेली आहे, असं मात्र नाही.

भारतात बाईची पाळी थांबण्याचं सरासरी वय 46-47 च्या आसपास, पाश्चात्त्य देशांत 51. "यात तरी आपण पुढे," असं नालासोपारा म्हणाली. त्याआधीची चार-पाच वर्षं, काहींना त्याहूनही जास्त, सगळी धरसोड. कधी वीस दिवसांत हजर, कधी तीन महिने पत्ता नाही, आणि आली की घरच्या लग्नाच्या दिवशी. डॉक्टरांचा हिशोब सरळ आहे. सलग बारा महिने आली नाही तर ती गेली असं मानायचं. म्हणजे शेवटची पाळी शेवटची होती हे वर्षभरानं कळतं. निरोप देण्याची सोयच नाही.

यावर उपाय वसईनं काढला. पूर्वी मुलगी न्हाती झाली की तिला मखरात बसवायचे, गोडधोड करायचे. येण्याचा एवढा थाट, आणि जाताना साधा चहासुद्धा नाही? तीस-पस्तीस वर्षांचं व्रत आहे, त्याचं उद्यापन नको का? वसई ख्रिश्चन असल्यामुळे उद्यापनाचे नियम तिनं मोकळ्या मनानं ठरवले. जिचे बारा महिने पुरे होतील तिची गाडीत ओटी भरायची, तिनं सगळ्यांना खायला आणायचं, आणि त्या दिवशी विरारपासून चर्चगेटपर्यंत खिडकी तिची. पहिला मान तिलाच मिळाला. ओटीच्या खणा-नारळावर तिनं घरी केलेला केक ठेवला आणि सोबत वसईची सुकेळी. दुसरी खरं तर भाईंदर असायची. ती अकराव्या महिन्यापर्यंत पोचली होती, पुरणपोळ्यांची ऑर्डरही दिली होती, आणि ऐन वेळी व्रत मोडलं. हिशोब पुन्हा एकपासून. पोळ्या आम्ही खाल्ल्याच. सांत्वनाला पुरणपोळी चालते.

नालासोपाऱ्याला पहिली लाट आली ती जानेवारीत. मुंबईत जी काही चार दिवस थंडी पडते तिच्यात आम्ही हौसेनं स्वेटर चढवून बसलो होतो, आणि ही छातीपासून कानापर्यंत लालबुंद, कपाळावर घामाचे थेंब. "मला काहीतरी होतंय," म्हणाली. नायगाव पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, त्यामुळे ती आमची घरची डॉक्टर. तिनं समजावलं. मेंदूत हायपोथॅलॅमस नावाचा भाग अंगाचं तापमान सांभाळतो, आणि थोडं वरखाली झालं तर एरवी चालवून घेतो. इस्ट्रोजेन ढळायला लागलं की त्याची सहनशक्ती संपते, आणि अर्ध्या अंशासाठी तो रेल रोको करतो. कातडीखालच्या रक्तवाहिन्या रुंदावतात, घाम फुटतो, छातीत धडधडतं. दोन-चार मिनिटांत आंदोलन मागे. मग घाम वाळताना हुडहुडी. "म्हणजे मी आजारी नाही?" नालासोपाऱ्यानं विचारलं. "नाहीस. तुझ्या आत युनियन झालीय."

तेव्हापासून "वारा!" असा एक शब्द पुरतो. जी खिडकीत असेल ती उठते. विरार गाडीतली खिडकी म्हणजे काय हे ज्यांना माहीत आहे त्यांनाच या उठण्याची किंमत कळेल. बहिणींत जमिनीवरून झाले नसतील एवढे तंटे तिच्यावरून झालेत. आणि उठणारी काही विचारत नाही. "वजन कमी कर", "चहा सोड", "माझ्या जावेलाही असंच व्हायचं" यांतलं काही बोलायचं नाही, हा न ठरवता ठरलेला नियम. क्लिपा आणि गाऊन विकायला डब्यात येणाऱ्या ताईंच्या टोपलीत हल्ली गळ्यात अडकवायचे चार्जिंगचे पंखे असतात. आमच्यासमोर त्या जरा जास्त वेळ थांबतात.

एसी लोकलचा प्रयोग भाईंदरनं केला. पश्चिम रेल्वेवर पहिली एसी लोकल 25 डिसेंबर 2017 ला धावली, तेव्हा यातली एकही लाट आम्हांला ठाऊक नव्हती आणि तिकीट महाग म्हणून आम्ही नाकं मुरडली होती. आता मात्र भाईंदर मोठ्या आशेनं गेली आणि दुसऱ्या दिवशी निमूट आमच्यात परतली. "वरून एसी, आतून भट्टी, मध्ये मी. आणि दारं बंद. चार अनोळखी बायका मला बघतायत. त्यापेक्षा इथला घाम बरा."

सल्ल्यांवर बंदी असली तरी जवसाच्या चटणीला ती लागू नाही. माझं माहेर यवतमाळकडचं, तेव्हा चटणी मीच पुरवते. जवसात इस्ट्रोजेनसारखी वागणारी द्रव्यं असतात म्हणे. ती कितपत कामाची, यावर नायगाव हसते आणि दुसऱ्यांदा डबा पुढे करते. हार्मोनच्या गोळ्यांचं प्रकरण मात्र गंभीर. 2002 साली अमेरिकेतल्या एका मोठ्या अभ्यासातला एक भाग मध्येच थांबवला गेला, स्तनांच्या कॅन्सरची बातमी जगभर झाली, आणि ती भीती अजून गोळ्यांच्या पाकिटाला चिकटून आहे. पुढे तीच आकडेवारी वयाप्रमाणे लावून पाहिली, तेव्हा साठीच्या आतल्या आणि पाळी जाऊन दहा वर्षं न झालेल्या बायकांचं चित्र बरंच वेगळं दिसलं. आमच्यात एक जण डॉक्टरांना विचारून गोळ्या घेते, एक घेत नाही. दोघी शेजारी बसतात आणि एकमेकींना शहाणपण शिकवत नाहीत. हे मला गोळ्यांहून मोठं वाटतं.

नायगावच्या घरची गंमत वेगळीच. लग्न उशिरा, मूल उशिरा, त्यामुळे लेकीची पाळी सुरू व्हायला आणि आईची रेंगाळायला एकच वर्ष सापडलं. वन बीएचकेत दोन्ही बाजूंनी एकाच वेळी दारं आपटतात. नवरा बाल्कनीत झाडांना पाणी घालत उभा असतो. झाडं दोनच आहेत. एकदा लेक रडत म्हणाली, "मला काय होतंय मलाच कळत नाही," आणि आई म्हणाली, "मलाही," आणि दोघींनी मिळून आइस्क्रीमचा फॅमिली पॅक संपवला.

माझी आई या वयात काय करत होती ते मला आठवत नाही. दुपारी ओल्या फरशीवर पदर टाकून निजायची एवढं आठवतं. तिला मैत्रिणी होत्या, पण खिडकी नव्हती.

आमच्याकडे पास आहे, पगार आहे, रजा आहे. आमचं हसणं या तीन गोष्टींवर उभं आहे याची आठवण मीच मधूनमधून काढते आणि डब्याचा मूड घालवते. बीडकडच्या ऊसतोड बायकांची गोष्ट वाचल्यापासून राहवत नाही. एक दिवस खाडा झाला तर दंड, म्हणून पाळीची कटकटच नको, असं सांगून तिशीतल्या बायकांच्या पिशव्या काढल्या गेल्या. 2019 मध्ये सरकारला त्यासाठी चौकशी समिती नेमावी लागली. पिशवीबरोबर अंडाशयंही गेली तर जे आम्हांला पाच वर्षांत हप्त्याहप्त्यानं मिळतंय ते त्यांच्या अंगावर एकदम कोसळतं, आणि हातात कोयता असतो. यावर आमच्यात कोणी विनोद केलेला नाही. नालासोपाऱ्यानं एकदा प्रयत्न केला आणि मध्येच गप्प बसली.

कुठे गप्प बसायचं हे मात्र आम्ही शिकलो ते वसईमुळे. उद्यापनाला दीड वर्ष होऊन गेलं होतं. एका सकाळी चढता चढताच ती ओरडली, "पोरींनो, मी परत तरुण झाले!" दोन दिवस थोडं थोडं जात होतं. आम्ही हसलो. भाईंदर म्हणाली, "ओटी परत कर." नायगाव हसली नाही. "पाळी जाऊन वर्ष झाल्यावर एक थेंब जरी दिसला तरी दाखवायचं. बहुतेक वेळा काही नसतं. पण दाखवायचं. आज." वसई म्हणाली, पुढच्या आठवड्यात बघू, महिनाअखेर आहे. मग दादरला आम्ही तिच्यासकट उतरलो. दोघी ऑफिसला फोन लावायला, एक टॅक्सी थांबवायला, मी तिची पर्स धरायला. वाटेत कोणी काही बोललं नाही. फक्त नालासोपाऱ्यानं आपला गळ्यातला पंखा काढून तिच्या गळ्यात घातला, नोव्हेंबरात.

सोनोग्राफी झाली, तुकडा तपासायला गेला, आणि रिपोर्ट येईपर्यंत त्या डब्यात कोणी मेथी निवडली नाही. साधा पॉलीप निघाला. काढून टाकला.

वसई परतली त्या दिवशी खिडकी तिलाच होती. पण बसल्या बसल्या भाईंदरनं मुद्दा काढलाच: झालेलं उद्यापन आता धरायचं की नाही? नायगावनं निर्णय दिला की रक्त पॉलीपचं होतं, पाळीचं नव्हे, तेव्हा व्रत शाबूत आहे. भाईंदरला हे पटलं नाही. तिचे स्वतःचे अकरा महिने वाया गेले होते. वसईनं सांगितलं, हरकत नाही, केक परत आणते. नालासोपारा म्हणाली, या वेळी मनुका कमी घाल.