टाचणात न मावलेली भरती

गोव्यातल्या हरमलचा समुद्र बघायला अर्धं जग येतं. त्याच गावात शिकवायचं कसं हे शिकायला येतात ती मात्र बहुतेक आपलीच मुलं. संध्याकाळी किनाऱ्यावर परदेशी पाहुणे मावळत्या सूर्याला ढोल ऐकवत असतात, तेव्हा गणपत पार्सेकर शिक्षण महाविद्यालयाचे भावी शिक्षक उद्याच्या पाठाच्या टाचणात पट्टीने रेघा मारत बसलेले असतात. तल्लीनता दोन्हीकडे सारखीच. दुसरीवर तेवढी मार्गदर्शकांची सही लागते. शिक्षकाला या गावात मान आहे, आणि का नसावा? इथल्याच शाळेत मुख्याध्यापकी केलेले लक्ष्मीकांत पार्सेकर २०१४ साली गोव्याचे मुख्यमंत्री झाले. वर्ग सांभाळलेल्या माणसाला विधानसभेतला गलका फारसा नवा वाटला नसावा, असं आपलं मला उगीच वाटतं.

टाचणात सगळ्याला जागा असते. शिक्षक कृती, विद्यार्थी कृती, हेतुकथन, फलकलेखन, मूल्यमापन, गृहपाठ. शिकवणाऱ्याच्या अंगातल्या वेडाला तेवढा रकाना नसतो. त्याचीही सोय अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठाने १९६३च्या सुमारास करून ठेवली. शिकवण्याची एकेक खुबी सुटी करून पाच-सात मिनिटांत घोटायची, त्याचं नाव सूक्ष्म अध्यापन. वर्गमित्रच विद्यार्थी होतात; दाढीमिश्यांची मुलं आठवीतली होऊन निरागसपणे हात वर करतात. त्यातल्या एका कौशल्याला ‘उद्दीपक बदल’ म्हणतात. आवाज चढवा, उतरवा, हातवारे करा, मध्येच थांबा, वर्गात फिरा. म्हणजे माणूस विषयाने पेटला की जे आपसूक होतं, ते इथे क्रमवार करायचं. मला हसू येतं, पण टवाळी करवत नाही. अंगात देवाचा अवसर यायच्या आधी ढोल वाजवावा लागतोच.

नुसताच ढोल वाजला तर काय होतं, तेही एकदा पाहून झालेलं आहे. १९७० साली कॅलिफोर्नियातल्या काही संशोधकांनी एका नटाला ‘डॉक्टर फॉक्स’ म्हणून जाणकारांसमोर उभं केलं. भाषण रंगतदार, आवेश अस्सल, मजकूर जवळजवळ शून्य. आणि श्रोते बेहद्द खूश. पेडण्याच्या जत्रेत या डॉक्टरांचा निभाव लागला असता का, याची मला शंका आहे. तिथे रात्रभर खेळ करणाऱ्या दशावतारी नटाच्या हातातही लिहिलेली संहिता नसते, पण समोर कांबळं पांघरून बसलेल्या म्हाताऱ्यांना पुराण पाठ असतं. तिथे नुसता आवाज चढवून भागत नाही. आणि त्या रात्रीत पोरांचा जीव कुणावर, तर काळ्या झग्यातल्या संकासुरावर. वेद पळवणारा तो. शिकण्याची एवढी ओढ असलेलं रात्रभरात दुसरं पात्र येत नाही, हे पोरांना कळत असेल का?

या किनारपट्टीवरच्याच एका शाळेत बी.एड.च्या एका मुलीचा पाठ मी मागच्या बाकावरून पाहिला. विषय भरती-ओहोटी. पुस्तक इंग्रजी, तक्ता घोटीव, चंद्राला सोनेरी कागद. प्रश्न विचारला की वर्ग तक्त्याकडे बघे आणि गप्प होई. खिडकीतून समुद्राची गाज येत होती. तिला टाचणात स्थान नव्हतं. एवढ्यात रापणीच्या जाळ्याच्या दोरीने तळहात खरबरीत झालेला एक मुलगा न विचारताच बोलला, “टीचर, पुनवेक दर्या खूब वयर येता.”

तिने हातातली छडी टेबलावर ठेवली. “तुका कशें कळ्ळें?” झालं. इंग्रजी गेली, तक्ता गेला. भरती रोज पाऊण तासाहून थोडी अधिक उशिरा येते, हे पुस्तकात आकड्यात होतं. त्या पोराने बाबा काल कधी उठला नि आज कधी, यावरून सांगितलं. ती मुलगी आता खरोखरच विचारत होती, उत्तर माहीत नसल्यासारखी. फळ्यावरच्या चंद्राला तिने तीनदा पुसून हलवलं. खडूचा भुगा तिच्या ओढणीभर झाला. हे सारं उद्दीपक बदलात बसतं की नाही, देव जाणे. घंटा झाली तेव्हा मूल्यमापन राहिलं होतं, गृहपाठही.

मार्गदर्शक सरांनी शेरा लिहिला: ‘वेळेचे नियोजन सुधारावे.’ सही केली, पेनाला टोपण लावलं, आणि दारातून पळू बघणाऱ्या त्या पोराला बोलावून विचारलं, “आनी उमाशेक रे?”