प्रशिक्षण उत्साहात संपन्न

जिल्हा पुरवणीत ही बातमी दर आठवड्याला असते. 'शिक्षकांचे तालुकास्तरीय प्रशिक्षण उत्साहात संपन्न.' मग दीपप्रज्वलन कुणी केलं, अध्यक्षस्थानी कोण, प्रमुख उपस्थिती कुणाची, सूत्रसंचालन कुणाचं, आभार कुणी मानले. बातमीत एकोणीस नावं असतात. विद्यार्थी एकही नसतो. तो त्या दिवशी शाळेत असतो आणि त्याचे गुरुजी तालुक्याला. द्विशिक्षकी शाळेतले एक गुरुजी गेले की उरलेले गुरुजी पहिली ते चौथी सांभाळतात. सांभाळतात म्हणजे मुलं भिंत ओलांडून जाणार नाहीत एवढं पाहतात.

हॉलमध्ये सावित्रीबाईंच्या प्रतिमेला हार घातला जातो. सावित्रीबाईंनी नगरला मिस फॅरार यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले होते, हे मात्र प्रास्ताविकात येत नाही. प्रास्ताविकात अल्पाहाराची वेळ येते. मग सुलभक पडद्याकडे तोंड करून, म्हणजे शिक्षकांकडे पाठ करून, स्लाइड वाचायला लागतात. स्लाइडचा मथळा 'कृतियुक्त आणि बालकेंद्री अध्यापन'. वाचन दोन तास चालतं. आपण शिकतोय ती एकमेव कृती म्हणजे सही, हे हॉलमधल्या प्रत्येकाला कळलेलं असतं. सही सकाळी एक, जेवणानंतर एक. जेवणानंतरची महत्त्वाची, कारण माणसं तेव्हाच पांगतात.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचा व्यावसायिक विकास सांगितला आहे. हेतू उत्तम. पण आपल्याकडे 'तास' एवढंच खाली पोहोचतं. तास मोजता येतात, विकास मोजायचा तर वर्गात जावं लागतं. दीक्षा ॲपवर व्हिडिओ सुरू करून मोबाइल खिडकीत ठेवला तरी तास भरतात. मोबाइल प्रशिक्षित होतो आणि प्रमाणपत्र शिक्षकाच्या नावानं निघतं. बारा वर्षांनी वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनी निवड वेतनश्रेणी हवी तर वेगळं प्रशिक्षण, आणि त्याचं 2,000 रुपये शुल्क शिक्षकानंच भरायचं. विकास सरकारचा, पावती गुरुजींच्या नावाची.

आता जरा वर्गात येऊ. तिसरीच्या मुलीनं पाटीवर 52 वजा 38 केलंय. उत्तर 26. गुरुजी फुली मारतात, 'लक्ष कुठंय तुझं' म्हणतात आणि पुढच्या पाटीकडे वळतात. पण मुलीचं लक्ष अगदी जागेवर आहे. मोठ्यातून लहान वजा करायचं हे तिला पक्कं माहीत आहे, म्हणून तिनं आठातून दोन काढले आणि पाचातून तीन. तिनं नियम पाळलाय, फक्त चुकीच्या ठिकाणी. ज्या बाई 'कसं केलंस, सांग' एवढं विचारतात त्यांना हे दोन मिनिटांत कळतं. मग दहा-दहा काड्यांचे पाच गठ्ठे, दोन सुट्या काड्या, आणि 'यातून अडतीस दे बघू'. सुट्या दोनच, द्यायच्या आठ. मुलगी स्वतःच गठ्ठ्याचं रबर सोडते. चूक वाचता येणं ही शिक्षकी पेशातली खरी विद्या, आणि ती स्लाइडवर मावत नाही. कुणीतरी मागच्या बाकावर बसून ते पाहायला लागतं आणि नंतर गुरुजींना बाजूला घेऊन सांगायला लागतं.

हे सदरलेखकाचं तत्त्वज्ञान नाही. मुंबईत सुरू झालेल्या 'प्रथम' या संस्थेची पातळीनुसार शिकवण्याची पद्धत अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो, रुक्मिणी बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगवेगळ्या राज्यांत तपासून पाहिली. बिहारमध्ये सरकारी शिक्षकांनी उन्हाळी शिबिरात ती वापरली आणि मुलं वाचायला शिकली. शाळा सुरू झाल्यावर शिक्षकांना नुसतं प्रशिक्षण आणि साहित्य दिलं, तर फरक जवळजवळ शून्य. म्हणजे शिक्षकांना जमत नाही हा आरोप बाद झाला आणि प्रशिक्षण दिलं की झालं हा समजही बाद झाला. पुढे हरियाणात, 2012-13 मध्ये, वेगळं केलं. रोज एक तास फक्त या कामासाठी राखला आणि त्या तासाला मुलांचे गट इयत्तेवर नव्हे, वाचनाच्या पातळीवर पाडले. शिक्षकांना मार्गदर्शन करणाऱ्या पर्यवेक्षकांना आधी दोन-तीन आठवडे स्वतः मुलांना शिकवायला लावलं. साहेबांनी आधी खडू धरला! मुलांचं वाचन सुधारलं.

आपल्याकडे हे बसवायला नवं खातं लागणार नाही. केंद्रप्रमुख आहेत, दर महिन्याला केंद्राची शिक्षण परिषद आहे. पंधरा-वीस गुरुजींनी एकत्र बसून '26 का आलं' यावर डोकं लावावं, यासाठी याहून चांगली जागा नाही. पण परिषदेत परिपत्रकं वाचली जातात आणि कुठली लिंक कुणी भरली नाही त्याची यादी निघते. केंद्रप्रमुखांनी वर्गात जाऊन बसावं तर अनेकांच्या गळ्यात शेजारच्या केंद्राचाही अतिरिक्त कार्यभार. आणि गुरुजी मतदार यादी घेऊन गल्लीत. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 अशैक्षणिक कामाला मनाई करतं. जनगणना, आपत्ती आणि निवडणूक एवढेच अपवाद. निवडणुका आपल्याकडे किती कमी होतात ते आपण जाणतोच.

चांगलं काही घडलं की आपण त्याचीही नक्कल हुकमी करतो. 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या सरकारी कार्यक्रमाच्या दिवसांत साताऱ्याच्या कुमठे बीटातल्या शाळा पाहायला राज्यभरातून शिक्षक गेले. तिथल्या शिक्षकांनी मूल कसं शिकतं यावर डोकं लावलं होतं, फरशीवरच्या आकृत्या त्यातून आल्या होत्या. परतल्यावर कित्येक शाळांनी पहिल्यांदा रंगाचे डबे आणले. फरशी फोटोत दिसते, डोकं दिसत नाही.

म्हणून एक बिनखर्चाची सूचना. पुढच्या प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी भाषणाऐवजी तज्ज्ञ मार्गदर्शकांनी शेजारच्या तिसरीच्या वर्गावर तासभर हातच्याची वजाबाकी घ्यावी. खऱ्या मुलांना. बाकी सगळ्यांनी मागे बसून पाहावं, आणि नंतर काय जमलं, काय फसलं ते बोलावं, मार्गदर्शकांचंसुद्धा. सूचना लेखी द्यायलाही हरकत नाही. ती इतिवृत्तात 'अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी येणारे विषय' या मथळ्याखाली घेतली जाईल, आणि त्या मथळ्यापर्यंत बैठक पोहोचल्याचं अजून कुणी पाहिलेलं नाही.