साकव आणि काठावरचे इंजिनिअर

कोकणात मिरग लागायच्या आत दोन कामं उरकावी लागतात: घराची कौलं परतणं आणि व्हाळावर साकव घालणं. कौलं ज्याची त्याची. साकव अख्ख्या वाडीचा, त्यामुळे त्याबद्दलची मतंही अख्ख्या वाडीची.

सामान फार लागत नाही. दोन-तीन पोफळी किंवा एखादा उतरलेला माड, बांधायला सुंभ, हाताला धरायला आडवा बांबू. कामाला चौघे, काठावर उकिडवे बसलेले दहा. "बुंधा पलीकडे घाल रे!" "वरची गोलाई तासा, नाहीतर घसराल." "आमच्या आजोबांनी घातलेला साकव..." हे वाक्य कुणी पुरं करत नाही, कारण तो साकव कुठे वाहत गेला हे सगळ्यांना ठाऊक असतं.

काठावरच्यांची नजर मधोमध, साकव किती लवतो यावर. खरी मेख टोकांत असते. माडाचं कठीण लाकूड बाहेरून, आतला गाभा भुसभुशीत. टोक मातीत टेकलं की कधी ओलं, कधी सुकं; बुरशीला हेच मानवतं. म्हणून जाणता माणूस गुपचूप टोकाखाली जांभ्याचा चिरा सारतो आणि वर कोयत्याने आडव्या खाचा पाडून ठेवतो. त्याला मत विचारायला कुणी जात नाही.

उलट, कायम चिखलात बुडालेल्या लाकडाला हवा लागत नाही, म्हणून ते कुजत नाही. किती टिकावं? इंग्लंडात सॉमरसेटच्या दलदलीत 1970 साली रे स्वीट या कामगाराला चर साफ करताना एक फळी लागली. खाली फुलीसारख्या रोवलेल्या खुंट्या, त्यांच्या बेचक्यात ओकच्या फळ्या, अशी जवळजवळ दोन किलोमीटरची पायवाट. लाकडातली वलयं मोजल्यावर झाडं ख्रिस्तपूर्व 3807-3806च्या सुमाराला तोडलेली निघाली. "फळी जरा डावीकडे" सांगणारा तिथेही बसलेला असणार. वलयांत त्याची नोंद होत नाही, एवढंच.

आता पुष्कळ ठिकाणी सिमेंटचे साकव झालेत. झाले ते बरंच झालं. भर पावसात पोरं शाळेतून परतेपर्यंत आयांचा जीव टांगणीला लागत नाही. तरी मळ्यातल्या आडवाटांना लाकडी साकव अजून भेटतात. तिथे चपला हातात घ्या, एका वेळी एकानेच जा आणि समोरून कुणी डोक्यावर भारा घेऊन येत असेल, तर आधी तिला येऊ द्या.