गेमिंग सर्व्हरवरील चॅनलांचे एकत्रीकरण : मॉडरेटरांसाठी मार्गदर्शन

डिस्कॉर्ड या 2015 साली सुरू झालेल्या संवादमंचावर एखाद्या समुदायाने स्वतःसाठी थाटलेल्या जागेला सर्व्हर, तेथील विषयवार स्वतंत्र संभाषणाला चॅनल आणि त्यावर देखरेख ठेवणाऱ्या बिनपगारी परंतु साधिकार सदस्याला मॉडरेटर म्हणतात. एका सर्व्हरवर जास्तीत जास्त 500 चॅनल उघडता येतात. ही मर्यादा नसून गाठावयाचे उद्दिष्ट आहे, असा मॉडरेटरवर्गाचा समज दिसतो, कारण चॅनल उघडण्यास एक क्लिक पुरते आणि बंद करण्यास बैठक लागते.

एकत्रीकरणाची पहिली पायरी मोजदादीची होय. बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया अर्थात बीजीएमआय खेळणाऱ्या एखाद्या जुन्या क्लॅनचा, म्हणजे कायम एकत्र खेळणाऱ्या गटाचा, सर्व्हर तपासल्यास सप्टेंबर 2020 मध्ये पबजी मोबाइल या मूळ गेमवर भारतात बंदी आली तेव्हाचे ‘बंदी-चर्चा’, जुलै 2021 मध्ये त्याच्या जागी बीजीएमआय अवतरले तेव्हाचे ‘नवा-गेम’, जुलै 2022 मध्ये तेही स्टोअरवरून हटले तेव्हाचे ‘बंदी-चर्चा-2’ आणि मे 2023 मधील पुनरागमनाचे ‘परत-आलो’ असे थर एकाखाली एक आढळू शकतात. शेजारच्या ‘पाककृती’ चॅनलमध्ये ‘कोणी आहे का?’ हा शेवटचा मानवी संदेश असतो आणि त्याखाली बॉटने, म्हणजे स्वयंचलित उत्तरे देणाऱ्या प्रोग्रॅमने, ‘अभिनंदन, आपण दुसऱ्या लेव्हलवर पोहोचलात’ असे कळवलेले असते.

दुसरी पायरी वारसांच्या समजुतीची. निपचित पडलेले चॅनल बंद करण्याची सूचना निघताच वर्षभर तिकडे न फिरकलेला त्याचा संस्थापक प्रकट होतो आणि परंपरेवर घाला आल्याचे जाहीर करतो. अशा वेळी वाद न घालता त्यास ‘वारसा-रक्षक’ असा रोल, म्हणजे नावाला वेगळा रंग देणारे पद, बहाल करावे. रंग चढला की तत्त्वाचा आग्रह बहुधा उतरतो.

तिसरी पायरी प्रत्यक्ष विलीनीकरणाची. मात्र दोन चॅनल एकमेकांत मिसळण्याची सोय डिस्कॉर्डमध्ये नाही आणि पुसलेले चॅनल परत मिळत नाही. म्हणून जुन्या चॅनलमध्ये नव्याची लिंक ठेवावी, संदेश लिहिण्याची परवानगी काढून घ्यावी आणि ते ‘संग्रह’ नावाच्या कॅटेगरीत, म्हणजे चॅनलांच्या सामाईक गटात, हलवावे. एका कॅटेगरीत 50 चॅनल मावत असल्यामुळे 51वे बंद करताना ‘संग्रह-2’ उघडावा लागतो, आणि एकत्रीकरण जोमात असल्याचा हाच पहिला ठोस पुरावा मानावा.

चौथी पायरी जनक्षोभाची. ‘मीम्स’ आणि ‘गप्पा’ एकत्र केल्यास दोन्हीकडचे सदस्य आपलीच संस्कृती बुडाल्याचे सांगतात. त्यावर स्लोमोड, म्हणजे दोन संदेशांमध्ये सक्तीचे अंतर ठेवणारी सोय, हा उपाय आहे. हे अंतर सहा तासांपर्यंत वाढवता येते, आणि इतका वेळ मिळाल्यावर पुष्कळांचे म्हणणे संपूनही जाते.

वस्तुतः सूचना, गप्पा, टीम शोधणे आणि तक्रारी ही चार चॅनल बहुतेक क्लॅनना पुरतात. तात्पुरत्या विषयांसाठी थ्रेड, म्हणजे चॅनलच्या आत उघडणारे आणि काही काळ शांत राहिल्यास आपोआप यादीतून बाजूला होणारे उपसंभाषण, वापरावा. पाचव्या चॅनलची मागणी आल्यास मॉडरेटरने आठवडाभर मौन पाळावे, आणि तोवर मागणी करणारा स्वतःच ती विसरला, तर चॅनलची गरज नव्हती असे खुशाल समजावे.