चमत्कारी तलवार : नवशिक्यांसाठी, आर्णी मुक्कामी

दसऱ्याला विळ्या-कोयत्यांना हळद-कुंकू वाहता वाहता ज्यांना एकाएकी आपलीही एक नामांकित तलवार असावी असं वाटू लागतं, त्यांच्यासाठी ही माहिती. पराक्रमाच्या पूर्वानुभवाची अट नाही.

आधी जागा. अरुणावतीच्या काठी उभं राहून पाण्यातून तलवारीसकट हात वर येण्याची वाट पाहू नये. ती सोय तिकडे आर्थर राजाला होती. आपल्या नदीतून फक्त वाळू वर येते, तीही रात्री. त्यापेक्षा रस्त्यावर या. नागपूर-तुळजापूर महामार्ग आर्णीवरूनच जातो. एका टोकाला तलवार देणारी देवी, दुसऱ्या टोकाला ती चालवणारे भोसले. एवढी मोक्याची जागा दुसऱ्या कुठल्या नायकाला मिळाली?

तुळजापूरच्या टोकाला थोडं जपून. भवानी शिवाजी महाराजांना तलवार देते आहे, हे कॅलेंडर घरोघरी असतं. दुसरी परंपरा सांगते की ती ‘भवानी’ तलवार कोकणात सावंतांकडून आली आणि महाराजांनी तिचे तीनशे होन मोजले. नवशिक्यानं यावर पानठेल्यावर वाद घालू नये. पातं सावंतांचं, भवानी देवीची, असं म्हणून चहा सांगावा. मला तरी यात विसंगती दिसत नाही.

आता पातं. इथं बहुतेकांचा हिरमोड होतो, कारण दंतकथेतलं पोलाद बरेचदा आयात केलेलं निघतं. युरोपी पात्याच्या तलवारीला मराठे सरळ ‘फिरंग’ म्हणत. नागपूरकर पहिल्या रघुजी भोसल्यांची तलवार पाहा : सरळ, एकधारी पातं, त्यावर परदेशी कारागिराची खूण, मूठ मात्र इथली, सोन्याच्या नक्षीची, वर हिरवं कापड गुंडाळलेलं. आणि पात्याच्या पाठीवर देवनागरीत सोन्यानं लिहिलेलं मालकाचं नाव, ‘सेनासाहेबसुभा’ या किताबासकट. माल परका, नाव आपलं. मंत्र म्हणाल तर एवढाच. बाकी बंगालपर्यंत जी दहशत बसली, ती रघुजींच्या घोडदळानं बसवली.

मायकेल मूरकॉकच्या कादंबऱ्यांतल्या एल्रिकची तलवार आत्मे पिते आणि शेवटी धन्यालाही सोडत नाही. असला नग घरात आणू नये. आधीच पाहुणे कमी नाहीत.

तलवार मिळालीच, तर उरुसाच्या गर्दीत किंवा वाढदिवसाचा केक कापायला ती बाहेर काढू नका. तुम्ही स्वतःला रणधुरंधर समजत असाल. ठाण्यात मात्र हत्यार कायदा, कलम ४/२५, एवढीच पदवी मिळते.

शेवटची पायरी म्हणजे तलवार लंडनला जाणं. त्याशिवाय तिला कीर्ती नाही. १८७५-७६ च्या दौऱ्यात प्रिन्स ऑफ वेल्सला कोल्हापूरहून ‘जगदंबा’ भेट गेली. तिलाच भवानी मानून १९८० मध्ये मुख्यमंत्री अंतुल्यांनी ती परत आणण्याची घोषणा केली. तिकडे साताऱ्याच्या राजघराण्यातही भवानी म्हणून एक तलवार पुजली जातेच. रघुजींची तलवार लंडनच्या लिलावात निघाली तेव्हा राज्य सरकारनं सुमारे ४७ लाख मोजून ती घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये ती मुंबईत उतरली. जगदंबा अजून लंडनलाच आहे.